अंत्यकालीन वैद्यकीय उपचारांचे पूर्वनियोजन

असाध्य व्याधी किंवा अतिवार्धक्य यांमुळे मृत्यू समीप आला असता आणि स्वतःची इच्छा सांगण्याची शक्ती उरली नसता रुग्णावर कोणते उपचार करावेत, कोणते टाळावेत, ते कोठे करावेत व त्याच्या वतीने कोणी बोलावे, यांविषयी त्या व्यक्तीने सुबुद्ध अवस्थेत असतानाच कुटुंबीयांशी व वैद्याशी विचारविनिमय करून ठरवून ठेवण्याच्या प्रक्रियेस अंत्यकालीन उपचारांचे पूर्वनियोजन म्हणतात. या विचारविनिमयाचा निष्कर्ष ज्या लेखात नमूद केला जातो, त्यास पूर्ववैद्यकीय निर्देश अथवा वैद्यकीय इच्छापत्र अशी संज्ञा आहे. इंग्रजीतील ‘लिव्हिंग विल’ हे त्याचे नाव मराठी वृत्तपत्रांतूनही रूढ झाले आहे. मालमत्तेच्या मृत्युपत्राहून हा लेख भिन्न होय. मृत्युपत्र मृत्यूनंतर अंमलात येते, तर वैद्यकीय इच्छापत्र व्यक्ती जिवंत, परंतु निर्णयक्षम नसताना उपयोगी पडते. सर्वसाधारण मुखत्यारपत्रही या कामी पुरेसे नसते. कारण भारतीय करार अधिनियमानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मन सुस्थिर राहिले नाही की मुखत्याराचा अधिकार सामान्यतः संपुष्टात येतो.

दयामरणाशीही या विषयाची गल्लत केली जाते. औषध टोचून किंवा अन्य कृतीने रुग्णाचा मृत्यू घडवून आणणे यास सक्रिय दयामरण म्हणतात व भारतात तो गुन्हा आहे. निष्फळ ठरलेले जीवरक्षक उपचार सुरू न करणे किंवा सुरू असलेले काढून घेणे व व्याधीस तिच्या नैसर्गिक क्रमाने जाऊ देणे ही वेगळी बाब असून तिलाच विहित कार्यपद्धतीनुसार कायद्याने मान्यता दिली आहे. उपचार थांबविणे म्हणजे शुश्रूषा थांबविणे नव्हे. वेदनाशमन, स्वच्छता व सोबत ही अखेरपर्यंत चालू राहावयाची असतात.

प्रश्नाचा उगम : विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेकांचा मृत्यू घरीच होत असे व तो लांबविण्याची साधनेही मर्यादित होती. १९५२ साली कोपनहेगन येथील पोलिओच्या साथीत ब्यर्न इप्सेन या वैद्याने श्वासनलिकेत नळी घालून हाताने दीर्घकाळ श्वास देण्याची पद्धत यशस्वी केली व त्यातूनच अतिदक्षता विभागाची कल्पना पुढे आली. १९६० मध्ये छातीवर बाहेरून दाब देऊन बंद पडलेले हृदय पुन्हा चालू करण्याची रीत प्रसिद्ध झाली. या साधनांनी असंख्य प्राण वाचविले. तथापि जेथे मूळ व्याधी बरी होणे शक्य नव्हते, तेथे त्यांनी जीवनाऐवजी मरणाची प्रक्रियाच लांबविली.

या अवस्थेविषयी व्यक्तीने आधीच लेखी सांगून ठेवावे, ही कल्पना शिकागो येथील वकील लुई कुटनर यांनी १९६९ मध्ये मांडली. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरन ॲन क्विन्लन या बेशुद्ध तरुणीच्या प्रकरणात १९७६ साली तिच्या पित्यास कृत्रिम श्वसनयंत्र काढून घेण्याविषयी निर्णय करण्याचा अधिकार दिला. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने अशा इच्छापत्रास मान्यता देणारा अधिनियम केला. दुसरीकडे, सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडन येथे सेंट क्रिस्टोफर शुश्रूषालय स्थापून, बरे करणे अशक्य असले तरी वेदना कमी करणे शक्य असते, हे दाखवून दिले. भारतातील अशा प्रकारचे पहिले शुश्रूषालय ‘शांती आवेदना सदन’ हे १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे : रुग्णाची इच्छा माहीत असणे व नसणे यांतील अंतर महाराष्ट्रातील दोन सुविदित घटनांवरून स्पष्ट होते. रायगड (तत्कालीन कुलाबा) जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील गागोदे गावी जन्मलेले आचार्य विनोबा भावे (१८९५–१९८२) यांना नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार येथे हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर त्यांनी अन्न, पाणी व औषध घेण्याचे थांबविले व १५ नोव्हेंबर रोजी त्यांचे निधन झाले. अन्नत्यागाच्या या कृतीविषयी त्या काळी मतभेद व्यक्त झाले. पूर्वनियोजनाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट एवढीच, की निर्णय त्यांचा स्वतःचा होता आणि भोवतीच्या माणसांना तो त्यांच्याच तोंडून कळला होता.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांची स्थिती याच्या नेमकी उलट होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी झालेल्या पाशवी हल्ल्यात त्यांच्या मेंदूस कायमची इजा झाली. त्यानंतर ४१ वर्षांहून अधिक काळ रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांचे अन्न थांबवावे, अशी याचिका लेखिका पिंकी विराणी यांनी केली असता सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी ती फेटाळली. मात्र त्याच निर्णयात, उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार काढून घेता येतील, हे तत्त्व न्यायालयाने प्रथमच मान्य केले. अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्तीस नसून त्यांची सेवा करणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांस आहे, असे न्यायालयाने ठरविले. १८ मे २०१५ रोजी फुप्फुसदाहाने अरुणा यांचे निधन झाले. दोन्ही पक्ष सद्‌भावनेने बोलत होते. परंतु अरुणा यांची स्वतःची इच्छा काय होती, हे कोणासही ज्ञात नव्हते.

कायदेशीर स्थिती : ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी निर्णय दिला. सन्मानाने मरण येणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या अधिकाराचाच भाग होय, असे सांगून घटनापीठाने पूर्ववैद्यकीय निर्देशास मान्यता दिली. त्या वेळी घालून दिलेली कार्यपद्धती व्यवहारात फार अवघड ठरली. विशेषतः लेखावर न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी आवश्यक केल्यामुळे ती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर राहिली. म्हणून २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सुलभ केली.

सुधारित पद्धतीनुसार सुबुद्ध व प्रौढ व्यक्तीस असा निर्देश स्वेच्छेने करता येतो. त्यावर दोन साक्षीदारांसमक्ष स्वाक्षरी करावी लागते व तो नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावा लागतो. कोणत्या परिस्थितीत कोणते उपचार नकोत, हे त्यात निःसंदिग्ध शब्दांत असावे लागते. रुग्ण निर्णयक्षम न राहिल्यास ज्यांची संमती घ्यावयाची, अशा एक किंवा अधिक पालकांची वा निकटच्या नातेवाइकांची नावे त्यात द्यावयाची असतात. त्याची प्रत या व्यक्तींस, कौटुंबिक वैद्यास व स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षक अधिकाऱ्यास दिली जाते. हा लेख केव्हाही लेखी स्वरूपात बदलता अथवा रद्द करता येतो.

निर्देश असला, तरी तो आपोआप अंमलात येत नाही. व्याधी असाध्य असल्याची व सुधारणेची आशा नसल्याची खात्री प्रथम रुग्णालयातील प्राथमिक वैद्यकीय मंडळ करते. त्यात उपचार करणारा वैद्य व किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले किमान दोन तज्ञ असतात. त्यानंतर दुय्यम मंडळ स्वतंत्रपणे पडताळणी करते. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नियुक्त केलेला एक वैद्य व पहिल्या मंडळात नसलेले किमान दोन तज्ञ असतात. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, अशी अपेक्षा आहे. निर्देशात नावे असलेल्या व्यक्तींची संमती घेऊन व न्यायदंडाधिकाऱ्यास कळवून मगच उपचार काढून घेतले जातात. मंडळांनी नकार दिल्यास उच्च न्यायालयाकडे दाद मागता येते. निर्देश केलेला नसल्यास हीच पद्धती निकटच्या नातेवाइकांच्या लेखी संमतीने अनुसरली जाते. शुद्धीवर असलेल्या प्रौढ रुग्णास मात्र नको असलेला उपचार स्वतःच नाकारता येतो; त्यासाठी निर्देशाची आवश्यकता नसते.

महाराष्ट्रात अभिरक्षक अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईतील वैद्य निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यानंतर राज्य शासनाने स्थानिक स्वराज्य संस्थांतून असे अधिकारी नेमल्याचे २०२४ मध्ये न्यायालयास सांगितले. गोव्यात मे २०२४ मध्ये न्यायमूर्ती महेश सोनक यांनी आपला निर्देश नोंदवून या व्यवस्थेस आरंभ करून दिला. मुंबईतील हिंदुजा रुग्णालयात २०२५ साली केवळ वैद्यकीय इच्छापत्रासाठी सल्लाकक्ष उघडण्यात आला.

उपचारांचे स्वरूप : पूर्वनियोजनात ज्या उपचारांचा विचार करावा लागतो, ते काय साधतात व काय साधत नाहीत, हे कुटुंबीयांस ठाऊक असणे आवश्यक असते. हृदय अकस्मात बंद पडलेल्या, एरवी निरोगी व्यक्तीस छातीदाबाने जीवदान मिळू शकते. सर्वांगात पसरलेला कर्करोग किंवा अनेक इंद्रिये निकामी होणे अशा अवस्थेत त्याचा उपयोग क्वचितच होतो व वृद्धाच्या बरगड्या मोडण्याचा संभव असतो. कृत्रिम श्वसनयंत्र फुप्फुसदाहासारखा बरा होणारा आजार ओसरेपर्यंत श्वसन सांभाळते. मूळ व्याधी मात्र ते बरी करीत नाही. घशात नळी असेपर्यंत रुग्णास बोलता येत नाही व पुष्कळदा त्यास गुंगीत ठेवावे लागते. डायालिसिसने निकामी मूत्रपिंडाचे कार्य चालविता येते. परंतु अन्य इंद्रियेही खचली असल्यास त्याचा लाभ अल्प असतो.

अन्नाचा प्रश्न कुटुंबीयांस सर्वांत अधिक क्लेश देतो. शेवटच्या दिवसांत भूक व तहान मंदावणे हा शरीराच्या नैसर्गिक क्रमाचा भाग असतो. रुग्ण अन्न सोडतो म्हणून त्याचा मृत्यू ओढवतो असे नसून, बहुधा मृत्यू समीप आल्यामुळे त्याचे अन्न सुटते. स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या टप्प्यात नळीने अन्न दिल्याने आयुष्य वाढते किंवा अन्नकण श्वासमार्गात जाण्याचे टळते, असे आढळून आलेले नाही. अशा वेळी ओठ व तोंड ओले ठेवणे आणि मागितल्यास चमचाभर पेज वा पाणी भरविणे हेच सुखावह ठरते.

परिहारक उपचारांत वेदना, धाप, ओकारी, अस्वस्थता व शय्याव्रण यांचे निवारण येते. तीव्र वेदना व धाप यांवर मॉर्फिन हे प्रमुख औषध असून योग्य मात्रेत दिल्यास ते मृत्यू ओढवून आणीत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक अधिनियमातील परवान्यांच्या जाचामुळे ते दुर्मिळ झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ही अडचण काही अंशी दूर झाली. हे उपचार केवळ अखेरच्या घटकेस करावयाचे नसून असाध्य व्याधीचे निदान झाल्यापासूनच इतर उपचारांबरोबर सुरू करावयाचे असतात.

रायगड किनाऱ्यावरील परिस्थिती : मोठ्या शहरापासून दूर व जलमार्गांनी तुटलेल्या प्रदेशात पूर्वनियोजनाचे महत्त्व अधिक असते. उरणपासून अलिबाग, मुरूड व श्रीवर्धनपर्यंतची रायगडची किनारपट्टी हे त्याचे चांगले उदाहरण होय. अलिबाग येथे जिल्हा रुग्णालय व शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तालुक्यांच्या ठिकाणी लहान शासकीय रुग्णालये आहेत. खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची कर्करोगावरील संशोधन व उपचार संस्था आहे. तथापि गुंतागुंतीच्या आजारात रुग्णास पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबई येथे हलविण्याचाच प्रघात आहे. अलिबागहून पेणमार्गे मुंबईचे अंतर सु. १०० किमी. आहे, मुरूड व श्रीवर्धन त्याहून दूर पडतात. राजपुरीच्या खाडीने किनारी मार्ग तुटतो व आगरदांडा–दिघी अशी जलवाहतूक करावी लागते. मांडवा ते गेटवे ही प्रवासी लाँचसेवा पावसाळ्यात बंद असते. मांडवा–भाऊचा धक्का ही वाहनवाहू नौकासेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली असली, तरी तीही हवामानावर अवलंबून आहे.

अशा स्थितीत खरा निर्णय पुष्कळदा अतिदक्षता विभागात नव्हे, तर घराच्या ओटीवर, रुग्णवाहिका दारात उभी असताना घ्यावा लागतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका प्राण वाचविण्यासाठीच असते. इच्छापत्र पडताळणे हे तिचे काम नव्हे. म्हणून पुढील झटक्याच्या वेळी रुग्णास मुंबईस न्यावयाचे, अलिबागपर्यंतच न्यावयाचे, की घरीच ठेवून गावच्या वैद्यास बोलवावयाचे, हे आधी ठरलेले असणे श्रेयस्कर असते.

या भागातील कुटुंबरचनेमुळेही अडचणी उद्‌भवतात. वृद्ध आईवडील गावी, एक मुलगा चाकरमानी म्हणून मुंबईस, दुसरा परदेशी, तर मुलगी दुसऱ्या तालुक्यात, असे चित्र सर्वत्र आढळते. कोळी व अन्य मच्छीमार कुटुंबांतील कर्ते पुरुष मासेमारीच्या हंगामात अनेक दिवस खोल समुद्रात असतात. जो जवळ राहून सेवा करतो, त्यास रुग्णाचे हाल दिसत असतात. जो दुरून येतो, त्यास आपण काही केले नाही ही खंत असते व तो अधिक उपचारांचा आग्रह धरतो. जमीन गहाण पडते किंवा होडीवर कर्ज निघते आणि मृत्यूनंतर भावंडांत वितुष्ट राहते. निर्देशात एकाहून अधिक व्यक्तींची नावे देण्याची सोय अशा ठिकाणी विशेष उपयुक्त होय. त्यांपैकी एक तरी व्यक्ती गावात राहणारी असावी व मतभेद झाल्यास कोणाचा शब्द प्रमाण मानावा, हेही रुग्णाने सांगून ठेवावे.

खर्च न झेपल्यामुळे किंवा ‘घरी न्या’ या रुग्णाच्या विनवणीमुळे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध सुट्टी घेऊन रुग्णास घरी आणण्याची प्रथा देशभर आढळते. घरी मरण येणे हे बहुतेकांस इष्टच वाटते. परंतु अशा घाईच्या सुट्टीत वेदनाशामक औषधे, त्यांच्या मात्रा व पुढे कोणास बोलवावे यांची माहिती बरोबर येत नाही आणि रुग्णास शेवटचे दिवस यातनांत काढावे लागतात. हेच घरी नेणे आधी ठरवून केल्यास औषधे, शय्या, मूत्रनलिकेची निगा व गावच्या वैद्याची भेट यांची व्यवस्था लावता येते.

कुटुंबातील विचारविनिमय : हा विषय काढणे अशुभ मानले जाते व मुलांनी काढल्यास वडीलधाऱ्यांचा गैरसमज होण्याचा संभव असतो. म्हणून वडीलधाऱ्यांनीच तो काढणे सोपे जाते. कुटुंबातील किंवा शेजारच्या एखाद्या आजारपणाचा उल्लेख, शस्त्रक्रियेची तारीख अथवा मृत्युपत्र करण्याचा प्रसंग हे त्यास योग्य निमित्त ठरते. कोणते यंत्र हवे वा नको येथून आरंभ करण्यापेक्षा, कोणत्या गोष्टीवाचून जगणे नकोसे होईल, कशाची भीती सर्वाधिक वाटते, शेवटी कोण जवळ असावे व कोठे असावे, हे प्रश्न अधिक फलदायी असतात. काही व्यक्ती सर्व उपचार अखेरपर्यंत हवे असल्याचे सांगतात. तीही इच्छा तितकीच ग्राह्य होय. निर्णय घेण्याचे ओझे कुटुंबीयांच्या शिरावरून उतरविणे हा या संभाषणाचा मोठा लाभ आहे. आईला काय हवे होते हे माहीत असलेली मुले निर्णय करीत नाहीत. ती केवळ निरोप पोचवितात.

धार्मिक आचारांचाही यात समावेश होतो. हिंदू कुटुंबांत अखेरीस मुखात गंगाजल व तुळशीपत्र घालतात. कोकणी मुसलमान मरणासन्न व्यक्तीजवळ कलमा म्हणतात. या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायल समाजात अशा वेळी ‘शेमा’ ही प्रार्थना म्हणतात. अतिदक्षता विभागात भेटीच्या वेळा ठरलेल्या असल्याने या गोष्टी पुष्कळदा राहून जातात व ती हुरहूर नातेवाइकांस दीर्घकाळ जाणवते. नेत्रदान, देहदान किंवा अवयवदान यांविषयीची इच्छाही याच वेळी सांगणे इष्ट असते. कारण नेत्रदान मृत्यूनंतर काही तासांतच करावे लागते.

घरी मृत्यू झाल्यास जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये २१ दिवसांत त्याची नोंद ग्रामपंचायतीत वा नगरपरिषदेत करावी लागते. शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या वैद्याने मृत्यूच्या कारणाचा दाखला विनामूल्य द्यावयाचा असतो. म्हणून घरी ठेवलेल्या रुग्णाची वैद्याने वेळोवेळी पाहणी केलेली असणे सोयीचे ठरते.

मर्यादा : भविष्यातील प्रत्येक प्रसंग लेखात बांधता येत नाही. निरोगीपणी नकोसे वाटणारे उपचार आजारपणात हवेसे वाटू शकतात. यास्तव लेखाचे वेळोवेळी, विशेषतः नवे निदान झाल्यावर, पुनरवलोकन करावे लागते. संदिग्ध निर्देश मंडळांस अंमलात आणता येत नाही. दोन मंडळांसाठी लागणारे तज्ञ लहान रुग्णालयांत सहजी मिळत नाहीत व घरपोच परिहारक सेवा ग्रामीण भागात अद्याप तुटपुंजी आहे. गरीब रुग्णावर खर्चाच्या भीतीने उपचार नाकारण्याचा दबाव येऊ नये, याविषयीही दक्षता घ्यावी लागते. कारण परवडत नाही म्हणून दिलेला नकार ही खरी इच्छा नव्हे. कपाटात कुलूपबंद ठेवलेला लेख निरुपयोगी असतो. उलट, लेख केलेला नसला, तरी घरच्या सर्वांना एकत्र बसवून स्पष्टपणे सांगितलेली इच्छा आणीबाणीच्या प्रसंगी वैद्यास व कुटुंबीयांस मार्गदर्शक ठरते.